प्रत माहितीसाठी

१२ जानेवारी २०२५
नायगाव

यतीन सर,

तुम्ही फोनवर मला ब्लॉक केलंय, म्हणून पत्र. वीस वर्षं बंद्यांची पत्रं वाचून पास करण्यात गेली, त्यातून एक शिकले. माणूस पहिल्या पानावर सगळ्यांच्या तब्येती विचारतो आणि खरं काम शेवटच्या चार ओळींत ढकलतो. मी काम आधी लिहिते.

संघटनेच्या फळ्यावरून तुमचं नाव शुक्रवारी काढलं. "अध्यक्ष: य. म. त्रिलोकेकर, तुरुंगाधिकारी." ऑइलपेंट निघेना, तेव्हा अक्षदाने टर्पेंटाइन आणलं. अक्षदा म्हणजे तुम्ही गेल्यावर महिला विभागात आलेली नवी शिपाई. तिने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, तरी सगळ्यात जोरात तीच घासत होती.

ऑर्डर तुम्ही आमच्या आधी वाचली असणार. चिंचपोकळीचं आपलं उपकारागृह ३१ मेला बंद. साडेचारशे बंदी शहापूरच्या पुढच्या नव्या जेलात, आणि ते जेल चालवणार कंपनी. तुमची कंपनी. गेट, पहारा, गिनती, मुलाकात, सगळं कंत्राटावर. आपली एकशे अठरा माणसं राज्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे जाणार, नाहीतर राजीनामा देऊन कंपनीत अर्ज करणार.

ऑर्डरला परिशिष्ट जोडलंय. एकतीस पत्रं, सगळी आपल्या संघटनेची. महिला बॅरेकचं छत गळतं. ऐंशी बायकांना चार संडास. पावसाळ्यात भिंतीत वीज उतरते. एका पाळीला दीडशे बंद्यांमागे तीन माणसं. बारा वर्षं आपण जे जे लिहिलं ते क्रमाने लावून खाली एक ओळ टाकलीय: "कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार सदर इमारत मानवी वास्तव्यास योग्य नाही, सबब बंद करण्यात येत आहे."

आपण दुरुस्ती मागितली होती, सर. आणि माणसं वाढवून मागितली होती.

ही सगळी पत्रं एकत्र अशी एकाच ठिकाणी होती, संघटनेच्या खोलीतल्या कपाटात. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे आणि एक तुमच्याकडे. ऑगस्टमध्ये तुम्ही मुदतीआधी निवृत्ती घेतलीत, ऑक्टोबरमध्ये कंपनीत जाऊन बसलात. किल्ली मागितली तर "सापडली की देतो" म्हणालात. यातून मी काय समजायचं?

सभेत मी उभी राहिले आणि तुमचं नाव घेऊन सांगितलं. अधीक्षकांकडे लेखी तक्रारही दिली, नोकरीत असताना कंपनीला अंतर्गत कागद पुरवले म्हणून. चौकशी लागेल असं दिसतंय. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

मला राग आलेला नाही. फक्त कळवते आहे.

बकुळा गमरे
सरचिटणीस


९ फेब्रुवारी

यतीन सर,

तुमचं पाकीट मिळालं. किल्लीही मिळाली. आणि चार ओळी. "बकुळाबाई, मी फाइल कुणालाही दिलेली नाही. किल्ली आईच्या देवघरातल्या खणात होती. जावक रजिस्टर बघा. य."

रजिस्टर बघत बसायला मला वेळ कुठे आहे? गेल्या पंधरा दिवसांत तीनदा सचिवालयाच्या पायऱ्या झिजवल्या. मागच्या सोमवारी आम्ही पाच जण अकरा वाजता गेलो. बुधाजीमामा पण आले होते. चौऱ्याहत्तर वय, गुडघे गेलेले, पण "संघटना मी काढलीय, बंद होताना मी घरी बसू काय?" म्हणाले. पास काढा, मजला चढा, बाकावर बसा. साहेब जेवायला गेले. साहेब व्हीसीवर आहेत. पावणेपाचला आत घेतलं. खुर्च्या दोनच होत्या. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "तुम्हीच लिहिलंय ना, राहण्यालायक नाही म्हणून? सरकारने ऐकलं तुमचं. आता अडचण काय आहे?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण माझ्या आधी मामा बोलले. "साहेब, छत गळतंय म्हटलं तर माणूस छत दुरुस्त करतो. घर दुसऱ्याला चालवायला देत नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. २४ तारखेला या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गिनतीला सुंदराबाईने मला अडवलं. तुम्हाला आठवत असेल, सुनेच्या केसमधली, साडेचार वर्षं कच्ची कैदी. तिच्या वकिलाचा अर्ज तुम्हीच लिहून दिला होतात. म्हणाली, "काय झालं ओ बाई साहेबाकडं?"

"तारीख दिली."

ती पदर तोंडाला लावून हसली. "मंग तुमी बी आमच्यातल्याच झाला."

मीही हसले असते. पण ती पुढे म्हणाली, "एक इचारू? ह्ये जेल ऱ्हावं म्हनून भांडताय न्हवं? चार वर्सं म्या संडासाच्या दाराशी झोपते. कुनासाठी ऱ्हावं ह्ये?"

मी म्हटलं, "शहापूरच्या पुढे तुझी लेक मुलाकातीला कशी येणार? इथे लालबागवरून चालत येते ती."

"त्ये खरं हाय. पन तुमी त्याच्यासाठी भांडत न्हाई. तुमी तुमच्यासाठी भांडता. भांडा की, कोन नगं म्हनतंय? फकस्त मला सांगू नगा, माझ्यासाठी हाय म्हनून."

मी तिच्यावर ओरडले. रांगेत उभी राहा म्हणाले. गिनती दोनदा चुकली त्या दिवशी.

तुम्ही जाताना म्हणाला होतात, हे जेल बंद होणारच आहे बाई, बाहेर उभं राहून दगड मारण्यापेक्षा आत जाऊन दोन गोष्टी ठीक करता येतील. तेव्हा मी म्हटलं होतं, ही पळून जाणाऱ्याची भाषा आहे. अजूनही तेच म्हणते.

बकुळा गमरे


२ मार्च

यतीन सर,

२४ तारखेला साहेब दौऱ्यावर निघाले. नवी तारीखही दिली नाही. गणवेशातल्या माणसाला संप करता येत नाही, म्हणून आम्ही मंगळवारपासून अन्नत्याग केला. ड्युटी पूर्ण करायची, पण जेलच्या आवारात पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. २०१६ ला आपण दोन दिवस केला होता तसाच. तेव्हा तुम्ही प्रत्येक पाळीला गेटवर थांबून एकेकाला धीर द्यायचात. या वेळी ते काम माझ्याकडे आलं आणि मला ते जमत नाही. मी धीर देते तेव्हा लोकांना वाटतं मी झापते आहे.

दुसऱ्याच दिवशी महाशिवरात्र. निम्म्या लोकांचा तसाही उपास. अधीक्षक हसून म्हणाले, "आजचा बहिष्कार धरायचा की नाही?" मी गेटकडे निघाले. बोलले असते तर नोटीस माझ्या नावावर निघाली असती. शेवटी निघाली ती अक्षदाच्या.

गुरुवारी साडेअकराला, मुलाकातीची खिडकी भरलेली असताना ती उभी होती तशी खाली आली. कपाळ लोखंडी कठड्यावर आपटलं. तीन टाके. दवाखान्यातून परत येते तोच हातात नोटीस: "स्वेच्छेने उपाशीपोटी हजर राहून कर्तव्यात कसूर." तिने नोटीस वाचली, घडी घातली आणि मला विचारलं, "मॅडम, टाक्यांचं काही नाही. पण आपण नक्की काय मागतोय? घरी विचारतात तर मला सांगता येत नाही."

"जेल वाचवतोय," मी म्हटलं.

"हे जेल?"

तेवढंच म्हणाली. कपाळावर एवढी मोठी पट्टी, आणि हे जेल म्हणते.

त्याच दिवशी दुपारी सुंदराबाईच्या बॅरेकमधून एक ताट आलं. बायकांनी आपापल्या वाट्यातली एकेक चपाती काढून ठेवली होती. वर फडकं झाकलेलं. मी ताट परत पाठवलं. नियमच आहे, बंद्यांकडून काही घ्यायचं नाही. नियमाप्रमाणे वागले, तरी दिवसभर तोंड कडू झालं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी वरून फोन आला, "सहानुभूतीने विचार करू." एवढ्यावर आम्ही जेवलो.

शनिवारी एका चॅनेलवर आपलं जेल दाखवलं. बाहेरची भिंत, वरची तार, आणि बाई मोठ्या आवाजात वाचत होती: "इथे माणसे नव्हेत, जनावरेही बांधू नयेत, असे खुद्द कर्मचारी म्हणतात." अमित जेवता जेवता थांबला. म्हणाला, "हे तुझं वाक्य ना गं?" नवऱ्याला माझी वाक्यं पाठ असतात, भांडण्यासाठी.

हो, माझंच. नववं पत्र. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, जरा सौम्य करा. मी केलं नव्हतं.

बकुळा गमरे


२३ मार्च

यतीन सर,

काल दुपारी मी फणसवाडीत तुमच्या घरी येऊन गेले. तुमच्या आईंनी, यशोदाबाईंनी, सांगितलं असेल. तुम्ही औषधं आणायला ठाकूरद्वारला गेला होतात. मी अर्धा तास थांबले आणि तुम्ही यायच्या आत निघाले.

त्यांनी मला दारातच ओळखलं. "तू बकुळा. यतीनच्या तोंडी सारखं तुझंच नाव असायचं. बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या." मला वाटलं, आता ऐकवतील. पण त्यांनी ओव्हनमधून कोळंबीचं भानोलं काढलं आणि बशी माझ्यापुढे ठेवली. ब्याऐंशीव्या वर्षीही मला उठू देईनात.

म्हणाल्या, "पाच आठवडे झाले, घरीच आहे. मला सांगतो सुट्टी आहे. सुट्टीवरचा माणूस रोज साडेसहाला दाढी करून, बूट घालून खुर्चीत बसतो का गं? कंपनीने चौकशी संपेपर्यंत येऊ नका म्हटलंय. मी फोनवर ऐकलं. त्याला सांगितलं नाही मला कळलंय म्हणून." मग विचारलं, "तुला माहीत असेल. कसली चौकशी आहे?"

मी म्हटलं, "कार्यालयीन आहे. संपेल लवकर."

भानोलं चांगलं झालं होतं. मी पूर्ण खाल्लं. त्या समोर बसून बघत होत्या.

मी कशासाठी आले होते ते इथे लिहीत नाही. पिशवीत जे घेऊन आले होते ते तसंच घेऊन परत आले. जिना उतरताना दोनदा थांबले, पण वर आले नाही.

सचिवालयातून काही कळलेलं नाही. बदल्यांची पहिली यादी लागली. माझं नाव भंडाऱ्याला.

बकुळा


१३ एप्रिल

यतीन सर,

जावक रजिस्टर मी पाहिलं आहे. कधी पाहिलं ते आधी सांगते, नाहीतर पानभर इकडचं तिकडचं लिहीन.

तुमचं पाकीट ८ फेब्रुवारीला आलं. त्याच दिवशी ड्युटी संपल्यावर मी कपाट उघडलं आणि खाली फरशीवर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत रजिस्टर वाचलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला लिहिलं, मला वेळ कुठे आहे.

सगळं माझ्या अक्षरात आहे. प्रत्येक पत्राच्या नोंदीपुढे "प्रत माहितीसाठी" आणि खाली चार चार पत्ते. तुम्ही म्हणायचात, बाई, इतक्या प्रती कशाला, एकाने तरी वाचलंय का आजवर? मी म्हणायचे, कधीतरी कुणीतरी वाचेल. वाचलं, सर.

जून २०१९ मध्ये तुमचे वडील गेले. तुम्ही पंधरा दिवस रजेवर होतात. त्या पंधरा दिवसांत मी तोवरची सगळी चोवीस पत्रं झेरॉक्स केली, परळच्या दुकानातून बाइंड करून घेतली, पुढे अनुक्रमणिका लावली आणि रजिस्टर पोस्टाने सचिवालयात पाठवली. रेकॉर्डवर घ्यावे अशी विनंती. पुढची सात त्याच संदर्भ क्रमांकावर जोडत गेले. पोचपावती नोंदीशेजारी डिंकाने चिकटवलेली आहे. परिशिष्टातली अनुक्रमणिका तीच आहे. अकराव्या पत्रात मी "शौचालय"च्या जागी "शोचालय" टाइप केलं होतं. ऑर्डरमध्येही "शोचालय"च आहे.

तुम्ही कुणाला काही दिलं नाहीत. देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते मी सहा वर्षांपूर्वीच दिलं होतं.

मी विसरले होते म्हटलं तर तुम्हाला पटेल? मला स्वतःलाच धड पटत नाही. त्या सभेत सगळे "कुणी दिलं, कुणी दिलं" म्हणून ओरडत होते आणि त्याचं उत्तर मी असू शकेन हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. तुमचं नाव तयार होतं. तुम्ही सोडून गेला होतात त्याचा राग होताच. तो कुठेतरी काढायचा होता. पण ८ फेब्रुवारीनंतर ही सबबही चालत नाही. त्यानंतरचे दोन महिने मी सगळं माहीत असून गप्प बसले. अन्नत्यागाच्या तोंडावर सरचिटणीसच खोटी ठरली तर लोक फुटतील, असं स्वतःला सांगत होते. त्या दिवशी फणसवाडीत पिशवीत रजिस्टरच होतं.

शुक्रवारी तक्रार मागे घ्यायला गेले. टेबलावरचा क्लार्क म्हणाला, "मॅडम, तक्रार एकदा नोंदली की ती तक्रारदाराची राहत नाही." सुनावणी ४ जूनला आहे. काय सांगायचं ते तिथे येऊन सांगा म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. त्याची काही चूक नव्हती.

उद्या जयंती. घरात पांढऱ्या साड्यांना इस्त्री चाललीय, अमित दोनदा हाक मारून गेला. मी त्याला सांगितलंय सगळं. तो म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर सांग." २७ तारखेला सर्वसाधारण सभा आहे.

बकुळा


२८ एप्रिल

यतीन सर,

सभा काल झाली. परळच्या शाळेच्या हॉलमध्ये, मुलांच्या बुटक्या बाकांवर सगळे गुडघे वर करून बसलेले. एकशे एक माणसं आली. इतकी कधीच येत नाहीत. बदल्यांची यादी लागली की येतात.

मी रजिस्टर घेऊन उभी राहिले. पहिल्यांदा तुमच्याबद्दल बोलले. जानेवारीत मी जे सांगितलं ते खोटं होतं, कागद मी पाठवले होते, ही नोंद, ही पावती. आणि मला हे ८ फेब्रुवारीपासून माहीत होतं. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली. दोन महिने उगाच घालवले.

मग मागून आवाज आला, "म्हणजे तुमच्यामुळे जेल बंद झालं?" मग सगळेच. कुणी म्हणालं, आम्हाला उपाशी ठेवलंत. कुणी म्हणालं, त्रिलोकेकर तरी निघून गेले, तुम्ही आत राहून घात केलात. एकाने रजिस्टर हातातून ओढलं, पान फाटलं.

बुधाजीमामा काठी आपटून उभे राहिले. मला वाटलं, माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "पत्रं पाठवली यात बकुळाची चूक नाही. छत गळत होतं ते गळत होतं. लिहायलाच पाहिजे होतं. पण आपल्या माणसाचं नाव खोटं घेतलं आणि कळल्यावर गप्प राहिली, ही चूक आहे. त्याची शिक्षा संघटनेने द्यावी." आणि बसले. त्यांनीच मला या पदावर आणलं होतं.

मी म्हटलं, शिक्षा द्या, पण आधी माझी एक सूचना ऐका. जेल बंद करू नका ही मागणी सोडून देऊ. हे जेल बंदच व्हायला पाहिजे. आपणच बारा वर्षं तसं लिहिलंय. आपण मागू या, की नव्या जेलात पहारा सरकारी राहू दे आणि बंद्यांबरोबर आपली माणसं जाऊ देत. कंत्राट भांडी-झाडूचं, बांधकामाचं असू दे. चावी कंत्राटावर नको.

अर्ध्या लोकांना घरं सोडायची नव्हती. शहापूर म्हणजे त्यांना भंडाऱ्याइतकंच लांब. "आता शहाणपण सुचलं का?" म्हणाले. मतदान झालं. माझी सूचना पडली, छप्पन विरुद्ध पंचेचाळीस. मला काढण्याचा ठराव मंजूर झाला, त्यात मोजणीची गरजच पडली नाही. मीही हात वर केला होता.

नवी सरचिटणीस अक्षदा. नको नको म्हणत होती. कपाळावर व्रण अजून लाल आहे. सभा संपल्यावर जवळ आली. म्हणाली, "मॅडम, मी तुमच्या सूचनेला मत दिलं. आणि तुम्हाला काढण्यालाही दिलं."

"बरोबर केलंस," मी म्हटलं.

"चिडला नाहीत?"

चिडले होते. पण तिच्यावर नाही.

दुसऱ्या ठरावाने जानेवारीत काढून घेतलेलं तुमचं सदस्यत्व परत दिलंय. तुम्हाला ते नको असेल. तरी कळवते.

बकुळा


८ जून

यतीन सर,

बुधवारी सुनावणीला तुम्ही समोरच्या खुर्चीत होतात, तेव्हा आत काय झालं ते सांगायला नको. चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "म्हणजे तुमची तक्रार खोटी होती?" मी "गैरसमजातून" म्हणायला तोंड उघडलं होतं. तुम्ही टेबलाकडे बघत होतात. मग मी "हो, खोटी होती" म्हटलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं. शुक्रवारी मला कारणे दाखवा नोटीस आली. सुभेदारपदाची बढती या वर्षी तरी गेली. तुमच्यावरचे आरोप काढल्याचं पत्र तुम्हालाही आलं असेल.

बाहेर आल्यावर तुम्ही जिन्यात वाकून बुटाची नाडी बांधत राहिलात. बराच वेळ. मला कळलं. मी पुढे निघून गेले.

ते असू दे. आज लिहायचं कारण वेगळं आहे.

३१ तारखेला जेल रिकामं झालं. सकाळी पाचपासून नऊ गाड्या. महिला बॅरेक शेवटी. सुंदराबाईने आपलं गाठोडं घेतलं, तिच्या जागेवरची फरशी पुसली आणि फडकं माझ्या हातात दिलं. "तुमची बदली कुटं?" म्हणाली. भंडारा म्हटलं. "लांब हाय की. माझी लेक बी म्हनली, तिकडं यायला दिवस मोडतो, दोन म्हैन्यांनी येईन." आणि चढली गाडीत. एका शब्दाने माझ्याकडे काही मागितलं नाही. मी तिला सांगणार होते, तुझ्यासाठी भांडत नव्हते हे खरं आहे, पण आता भांडावंसं वाटतंय. गाडी निघाली.

बंद्यांना ताब्यात घ्यायला कंपनीच्या बायका आल्या होत्या. बारा जणी. निळा गणवेश, मापाचा कुणाचाच नाही. त्यातली एक माझ्याकडून एकेकीचं नाव पुकारून घेत होती. मेघना. आसनगावची, तिशीची, दोन मुलांची आई. चांगलं काम करत होती. आवाज न चढवता बायका तिचं ऐकत होत्या. मी पाहिलं, तिचे पाय थरथरतायत. विचारलं तर म्हणाली, "काल रात्रीपासून उभी आहे, मॅडम. बारा तासांची ड्युटी सांगितली होती, आता अठरा झाले." बसायला सांगितलं तर घाबरून इकडेतिकडे बघायला लागली.

मग हळूच म्हणाली, "एक विचारू? तुम्ही बसायला सांगताय, तर तुम्हाला ड्युटीवर बसायची मुभा कुणी मिळवून दिली? म्हणजे, तुमच्यात कुणाला सांगायचं असतं? आम्ही नव्या जेलात रिकाम्या इमारतीचा पहारा करतोय, दोन महिन्यांत एक सुट्टी नाही. पाळी आली तरी उभं. विचारलं तर म्हणतात, कागदावर सगळं आहे, वाचा."

मी म्हटलं, दाखव कागद. तिने घडी घातलेला नेमणुकीचा कागद पाकिटातून काढला. शेवटच्या रकान्यात होतं: "तक्रार निवारण अधिकारी: श्री. य. म. त्रिलोकेकर."

तिने तीनदा फोन लावला होता. तुम्ही तेव्हा घरी बसवलेले होतात. माझ्यामुळे.

मी तिला काय सांगणार होते? आमची संघटना हरली? मी तिची सरचिटणीस होते आणि आता नाही? अक्षदाला हाक मारली. तिने मेघनाचा आणि बाकी अकरा जणींचा नंबर लिहून घेतला. कंत्राटी लोकांना आपल्या घटनेत सदस्य करता येत नाही, बघू बदलता येते का, असं अक्षदा म्हणते. मामांकडे जाऊन बसली होती ती काल दोन तास. मला बोलावलं नाही. बोलावू नये.

मंगळवारी तुम्ही पुन्हा कामावर हजर होणार असं कळलं. आत जाऊन दोन गोष्टी ठीक करता येतील असं तुम्ही म्हणाला होतात. मी त्यावर हसले होते. आता मला हसता येत नाही, आणि विश्वासही पूर्ण बसलेला नाही. तुम्ही त्या कागदावरचं नाव आहात, की खरंच कुणी आहात, हे मला माहीत नाही. मेघनालाही माहीत नाही.

मी तिला तुमच्या घरचा पत्ता दिलाय. तुम्हाला न विचारता दिला, हेही आधीच्या माझ्या वागण्यासारखंच झालं. पण ऑफिसात यायला ती घाबरते, आणि कंपनीच्या फोनवर बोलायला त्याहून जास्त. पुढच्या रविवारी, १५ तारखेला, अकराच्या सुमाराला ती येईल. बरोबर आणखी दोघी असतील. मी तोवर भंडाऱ्याला हजर झालेली असेन.

त्या पहिल्यांदाच फणसवाडीत येतायत. चौकात उभ्या राहून कुणाला विचारायला लाजतील. तुम्ही खाली उतरून थांबा.

बकुळा